माझा आवडता ब्रिटिश संगीतपट, आणि ब्रिटिश कोणाला म्हणायचे?

आवडता ब्रिटिश संगीतपट कोणता आणि चित्रपट ब्रिटिश कशामुळे ठरतो, या प्रश्नाच्या पहिल्या भागाला माझे उत्तर कॅरल रीड दिग्दर्शित 'ऑलिव्हर!' (1968) हे आहे. इंग्लंडमधील शेपर्टन स्टुडिओत उभारलेल्या लंडनच्या चौकात सकाळी गुलाब विकणारी बाई येते, मग गवळणी, मग चाकू-सुऱ्यांना धार लावणारा, आणि प्रत्येकाची आरोळी एकमेकींत मिसळत त्यातूनच गाणे उभे राहते. रॉन मूडीने रंगवलेला फेगिन, म्हणजे पाकीटमार पोरांचा म्होरक्या, तर निव्वळ अप्रतिम.

दुसरा भाग अधिक अवघड आहे. 'मेरी पॉपिन्स'ची (1964) कथा लंडनची, नायिका ज्युली अँड्र्यूज इंग्लंडची, तरीही डिस्नेने तो कॅलिफोर्नियातील स्टुडिओत चित्रित केला, त्यामुळे मी तो अमेरिकन मानतो. (त्यातल्या डिक व्हॅन डाइक या अमेरिकन नटाचे फसलेले कॉकनी, म्हणजे लंडनच्या कामगारवर्गाच्या बोलीचे, उच्चार ऐकल्यावर इंग्रज प्रेक्षकही त्यावर हक्क सांगायला फारसे उत्सुक नसावेत.) याउलट 'ऑलिव्हर!'चे वितरण कोलंबिया या अमेरिकन कंपनीकडे असूनही त्याचे ब्रिटिशपण उणावत नाही.

करसवलतीसाठी ब्रिटिश सरकारने चित्रपटांना लावलेल्या सांस्कृतिक कसोटीत 35 पैकी 18 गुण लागतात आणि ते कथास्थळ, पात्रे, विषय, भाषा, चित्रीकरणाचे ठिकाण व कलावंत यांवरून मिळतात. हिशेबाला ही कसोटी ठीक आहे. मात्र माझ्या मते चित्रपट कोणाच्या हातून आणि कोणत्या स्टुडिओ-परंपरेत घडला, याला पैशापेक्षा अधिक वजन द्यायला हवे.