दुसऱ्या महायुद्धातली जपानी लष्करी तलवार खरी की नकली, हे फोटोंवरून कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की विक्रेत्याच्या फोटोंत पात्यावर ड्रॅगन कोरलेला आहे, त्याखाली मोठी जपानी अक्षरं आहेत, मूठ पितळी आणि चकचकीत आहे, आणि 'आजोबांनी ब्रह्मदेशातून आणली' असं तो सांगतो. एवढ्या वर्णनावरूनच सांगतो, घेऊ नका. जुन्या जपानी पात्यांवर ड्रॅगनचं कोरीवकाम असतं, पण युद्धकाळात सैन्यासाठी घाऊक बनलेल्या पात्यांवर ते जवळजवळ दिसतच नाही. आणि कारागिराचं नाव पात्याच्या उघड्या भागावर मिरवत नाहीत, ते मुठीच्या आत दडलेलं असतं.

नकली माल, त्यातला बराचसा चिनी, फोटोत उठून दिसावा म्हणून बनवलेला असतो. त्यामुळे मेहनत दिसणाऱ्या भागावर केलेली असते. तुम्ही न दिसणाऱ्या भागापासून सुरुवात करा.

अधिकाऱ्यांच्या तलवारीची मूठ निघते. मुठीत आडवी बसवलेली बांबूची छोटी खुंटी (मेकुगी) बारीक टोकाकडून हलकेच ठोकली की बाहेर येते, आणि पात्याचा मुठीत शिरणारा भाग, म्हणजे नाकागो, दिसतो. काही तलवारींना खुंटीऐवजी स्क्रू असतो, तोही निघतो. विक्रेता 'मूठ काढली तर तुटेल' म्हणाला तर मी पुढे बोलतच नाही.

नाकागोवरचा गंज नीट बघा. ऐंशी वर्षांचा गंज तपकिरी, घट्ट आणि शांत असतो, त्याखाली कानशीचे तिरपे किंवा आडवे ओरखडे शिस्तीत दिसतात. आम्ल लावून आणलेला गंज नारिंगी असतो, हाताला लागतो आणि सगळीकडे सारखाच पसरलेला असतो. नाव छिन्नीने एकेक ठोका देत कोरलेलं असतं, त्यामुळे प्रत्येक रेघेच्या कडेला धातू किंचित वर आलेला जाणवतो. यंत्राने कोरलेली अक्षरं उथळ आणि एकाच जाडीची असतात. जपानी वाचता येत नसलं तरी हा फरक डोळ्यांना कळतो. युद्धकाळातल्या बऱ्याच पात्यांवर नावाजवळ छोटा शिक्का असतो. गिफू प्रांतातलं सेकी हे गाव तलवारींचं मोठं केंद्र होतं, तिथल्या तपासणीचा शिक्का सर्वांत जास्त आढळतो. ताऱ्याचा शिक्का लष्कराने मान्यता दिलेल्या, पारंपरिक पद्धतीने काम करणाऱ्या कारागिरांचा. अर्थात शिक्केही नकली मारतात. दक्षिण मांचुरिया रेल्वे या जपानी कंपनीने बनवलेल्या 'कोआ इश्शिन' पात्यांना संग्राहकांत मागणी आहे, म्हणून ती अक्षरं भलत्याच लोखंडावर कोरलेली सापडतात.

मला सर्वांत भरवशाची वाटणारी खूण याहून साधी आहे. त्सुबा म्हणजे मुठीपुढची चकती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना पातळ पत्र्याच्या कड्या असतात. त्या एकाच तलवारीसाठी घासून जुळवलेल्या, म्हणून कारखान्यात प्रत्येकीवर तोच आकडा ठोकत. कड्या सुट्या करून आकडे जुळले तर मन बरंच निश्चिंत होतं. नकलाकार सहसा एवढ्या खोलात जात नाही. मात्र प्रत्येक खऱ्या तलवारीवर हे आकडे असतातच असं नाही, म्हणून ते नाहीत एवढ्यावरून नकली ठरवू नका.

मग पातं. धारेलगतची लहरीसारखी पांढुरकी रेघ (हामोन) खऱ्या पात्यात पोलादातच असते, पातं उजेडात फिरवलं की तिचं रूप बदलतं. नकलेत ती आम्लाने किंवा तारेच्या ब्रशने काढलेली, कुठूनही बघा सारखीच. टोकाजवळची आडवी रेघ खऱ्या पात्यात दोन पृष्ठं भेटतात तिथली कड असते, नखाला लागते. नकलेत नुसता ओरखडा. आणि लाकडाच्या रेषांसारखी ठळक नक्षी दाखवून कोणी 'हजार घड्यांचं पोलाद' म्हणालं, तर हसून पुढे जा.

मुठीवरचं खरं रे (पाकट) माशाचं कातडं खरखरीत आणि असमान दाण्यांचं असतं, प्लास्टिकमध्ये सगळे दाणे एका साच्यातले. दोरीचे वेढे घट्ट हवेत, आणि धातूवरची चेरीची फुलं रेखीव हवीत, वितळल्यासारखी नकोत.

पितळी मुठीबद्दल थोडं वेगळं सांगतो. 1935 साली हवालदारासारख्या बिगर-कमिशन अधिकाऱ्यांसाठी (एनसीओ) जी तलवार आली तिची मूठ धातूचीच ओतीव होती, आधी तांब्याची, मग अॅल्युमिनियमची, वर दोरी गुंडाळल्यासारखा रंग. तिच्या यंत्राने बनलेल्या पात्यावर मुठीजवळ क्रमांक ठोकलेला असतो आणि मुळात तोच म्यानावरही असे. सर्वांत जास्त नकला याच प्रकाराच्या दिसतात. नकलेतले आकडे वेडेवाकडे किंवा अवाजवी मोठे असतात आणि मुठीवरची वीण ढोबळ.

आता उलट बाजू. 1944-45 मधल्या खऱ्या तलवारी कधीकधी फार ओबडधोबड असतात: साधी लोखंडी चकती, रंग दिलेलं लाकडी म्यान, घाईत उरकलेलं काम. नवखे लोक त्यांना नकली म्हणून सोडतात. आणि काही अधिकाऱ्यांनी घरातली शतकानुशतकं जुनी पाती लष्करी मुठीत बसवून घेतली होती. अशा पात्याचा नाकागो काळा पडलेला, आखूड केलेला आणि दोन-तीन भोकांचा असू शकतो. पण तिथे फसवणूकही जुनीच आहे, खऱ्या पात्यावर प्रसिद्ध कारागिराचं खोटं नाव. ते फोटोवरून ठरवायचा आव मी आणणार नाही. त्यासाठी पातं जाणकाराच्या हातातच द्यावं लागतं.

आजोबांची गोष्ट अशक्य मुळीच नाही. 1945 मध्ये ब्रह्मदेशात जपानी अधिकाऱ्यांनी तलवारी खाली ठेवल्या तेव्हा समोर मोठ्या संख्येने भारतीय सैनिक होते. नंतर 1946-47 मध्ये मराठा पलटणीची एक बटालियन जपानमध्येही तैनात होती. पण गोष्टीबरोबर आजोबांची पलटण, सेवापुस्तिका किंवा त्या काळचा फोटो काहीतरी यायला हवं. नुसत्या गोष्टीसाठी जास्तीचा एक रुपयाही देऊ नका.

भारतात 9 इंचांहून लांब पात्याच्या तलवारी शस्त्र नियमांच्या यादीत येतात, आणि परवाना लागतो की नाही हे त्या भागातल्या अधिसूचनेवर ठरतं. म्हणून व्यवहाराआधी पोलिस ठाण्यात विचारा. आणि तलवार कुठलीही घेतलीत तरी नाकागोवरचा गंज घासू नका. वय सांगणारा पुरावा तोच असतो, आणि घासला की किंमतही जाते.

विक्रेत्याकडून नाकागोच्या दोन्ही बाजूंचे, सुट्या कड्यांचे आणि टोकाचे फोटो उजेडात काढून मागवा. ते आले तर प्रश्नात जोडा, बघून सांगतो.