गोचिडी औषधाला दाद देत नसतील तर

भाऊ, ब्रँड बदलला म्हणजे औषध बदललं असं नव्हे. सायपरमेथ्रिन आणि डेल्टामेथ्रिन ही गोचिडीवरची औषधं एकाच गटातली. दोन्ही गोचिडीच्या मज्जातंतूंतल्या सोडियमच्या वाटेवर घाव घालतात. तिथेच जनुकीय बदल झालेल्या गोचिडी दोघांनाही पुरून उरतात. पुण्याजवळ मांजरी-वाघोलीकडे झाकणाने अंदाजे पातळ करून फवारलं, की नेमक्या याच जगतात आणि यांचीच पिल्लावळ वाढते. एक मादी 2-3 हजार अंडी घालते, तीही गाईच्या अंगावर नाही, गोठ्याच्या भेगांत! त्या भेगा आधी बुजवा. मात्रा लेबलप्रमाणे मोजा, कानात आणि शेपटीखाली हमखास बघा. तरीही टिकल्या तर डॉक्टरांना विचारून अमिट्राझसारखा वेगळा गट घ्या (घोड्याला अमिट्राझ चुकूनही नको), आणि दूध किती दिवस विकायचं नाही तेही विचारून घ्या.