साताऱ्यातल्या पतसंस्थेसाठी बॅकअप एन्क्रिप्ट करणारा प्रोग्रॅम लिहिलाय. ‘कऱ्हाड’ असलेला पासवर्ड फोनवर चालतो, ऑफिसच्या संगणकावर ‘चुकीचा’ येतो. असं का?

पासवर्ड आधी एनएफसी रूपात आणा (म्हणजे एकच अक्षर वेगवेगळ्या रीतीने लिहिलं असलं तरी त्याचं एकच ठरलेलं रूप), मग त्याचे यूटीएफ-८ (अक्षरं साठवायची पद्धत) बाइट काढा आणि तेच पीबीकेडीएफ२ला, म्हणजे पासवर्डवरून किल्ली बनवणाऱ्या फंक्शनला, द्या. घोळ टायपिंगचा नाही, ‘ऱ’चा आहे. हे अक्षर यूनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारं मानक) एकसंधही आहे (०९३१) आणि ‘र’ला नुक्ता जोडूनही बनतं (०९३० + ०९३सी). ‘कऱ्हाड’ पहिल्या रीतीने १८ बाइट, दुसऱ्या रीतीने २१. डोळ्यांना दोन्ही एकच, पण फंक्शनला फक्त बाइट दिसतात, त्यामुळे किल्ली पार वेगळी निघते. पासवर्डसाठीच्या आरएफसी ८२६५ या इंटरनेट मानकातही (२०१७) एनएफसीच सांगितलंय. एनएफकेसी या दुसऱ्या रूपाच्या वाटेला जाऊ नका, ते मुळात वेगळी असलेली चिन्हंही एक करून टाकतं.

मात्र एनएफसीने सगळं सुटत नाही. हाच ‘ऱ्ह’ र, हलन्त आणि अदृश्य जोडक (२००डी) असाही टाइप होतो, आणि एनएफसी त्याला हातच लावत नाही. म्हणून दोन्ही उपकरणांवर नुसता ‘कऱ्हाड’ शब्द टाइप करून कोडपॉइंट (अक्षरांचे यूनिकोड क्रमांक) छापून बघा, खरा पासवर्ड नको. जोडक सापडला तर तो नुसता पुसू नका, रफार होईल. ‘र + हलन्त + जोडक’च्या जागी ‘ऱ + हलन्त’ घाला.

जुन्या बॅकअपसाठी पहिला प्रयत्न पासवर्डच्या मूळ, एनएफसी न केलेल्या बाइटांनीच करा, नाहीतर त्या फाइली कायमच्या बंद होतील.