गलाईच्या घरातून अमेरिकेत मेटल शिकायला

"जे.जे. कला महाविद्यालयात मेटल, म्हणजे धातुकाम केलंय, घरी गलाई. अमेरिकेत एमएफए (कलेतली पदव्युत्तर पदवी) करून तिथंच प्राध्यापक होता येईल का?" असं तू विट्याहून विचारलंयस. मीही खानापूर तालुक्यातलाच, वडिलांची गलाईची, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायची भट्टी तमिळनाडूत होती. म्हणून आधीच सांगतो, तिथं तुझा हात कमी पडणार नाही, तोंड कमी पडेल.

प्रवेशाला बहुतेक ठिकाणी कामाचे पंधरा-वीस फोटो मागतात. पहिल्या वर्षी मी सफाईदार समया, तांबे, पेले पाठवले. सगळीकडून नकार. मग गलाईच घेतली. सोन्यात तिप्पट चांदी घालून पत्रा नायट्रिकमध्ये सोडला, की चांदी विरघळते आणि सोनं तपकिरी गाळासारखं तळाशी राहतं, हे लहानपणापासून बघितलेलं. मी तांब्याच्या ताटल्या तेजाबाला खायला दिल्या. वडील जिथं जिथं राहिले त्या गावांची नावं तेवढी रोगण लावून राखली. त्यावर प्रवेश मिळाला.

तिथं वर्गात कामावरच्या पहिल्याच चर्चेत सगळ्यांनी विचारलं, "हा आकार का?" मी म्हणालो, "गिऱ्हाईकाला असाच लागतो." हशा पिकला. का हसले, ते कळायला वर्ष गेलं. तेव्हा इंग्रजीपेक्षा आपल्या कामावर दहा मिनिटं बोलायची सवय कर, मराठीत केलीस तरी चालेल.

पैशाचं म्हणशील तर रान गहाण टाकून येऊ नकोस. असिस्टंटशिप असेल तरच ये: फी माफ, थोडा पगार, बदल्यात खालच्या वर्गाला शिकवायचं. कोर्स दोन-तीन वर्षांचा. त्यानंतर ओपीटीचे, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच नोकरी करायच्या परवानगीचे 12 महिने. इंजिनिअर पोरांना वर आणखी 24 मिळतात, आपल्याला नाही. विद्यापीठाच्या नोकरीला एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी नसते, हे खरं. पण पक्क्या जागा फार थोड्या. एकेका विषयापुरतं शिकवणाऱ्याचा व्हिसा सहसा कुणी करत नाही. जागा मिळालीच, तरी कायम व्हायला साधारण सहा वर्षं.

आणि हो, केडीएमचा डाग, म्हणजे कॅडमियम घालून केलेलं सोन्याचं झाळकाम विसर. त्यातलं कॅडमियम धुरातून फुप्फुसात जातं, तिथल्या स्टुडिओत ते चालत नाही. आपल्याकडं दार उघडं ठेवलं की झालं, असं समजतात.

फोटो काढताना खाली पांढरा कागद नको, राखाडी घे. पांढऱ्यावर चांदी मरते.