वाचकांचे प्रश्न : आल्प्सच्या वाटांवर धावताना

प्रश्न : माझे वय ४६ आहे. गेली सहा वर्षे मी आठवड्यातून चार दिवस कांपालहून मिरामारमार्गे दोनापावलापर्यंत धावत जातो आणि तसाच परत येतो. दहा किलोमीटरला मला एक तास पाच मिनिटे लागतात. माझी भाची स्वित्झर्लंडमध्ये नोकरी करते. जुलैअखेर आम्ही तिच्याकडे जाणार असून नऊ दिवस एंगाडीन खोऱ्यातल्या पोंत्रेझिना गावी मुक्काम आहे. तिथेही धावणे चालू ठेवण्याची इच्छा आहे, परंतु उंचीवर फार दम लागतो असे ऐकतो. कोणत्या वाटा निवडाव्यात आणि इथे असतानाच काय तयारी करावी?
— एक वाचक, पणजी

उत्तर : तुमची सगळी काळजी दमाविषयी आहे आणि ती रास्तही आहे. मात्र गोव्याच्या किनाऱ्यावरून आल्प्समध्ये जाणाऱ्या धावपटूला दमापेक्षा उतार अधिक महागात पडतो, असे माझे ठाम मत आहे.

आधी दमाचे पाहू. पोंत्रेझिना समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तिथेही मिरामारइतकेच, म्हणजे २१ टक्क्यांच्या जवळपास असते. परंतु हवेचा दाब सुमारे २० टक्क्यांनी उतरलेला असल्यामुळे प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू त्याच मानाने घटतो. १९६८ साली मेक्सिको सिटीत, २,२४० मीटर उंचीवर, ऑलिंपिकची दहा हजार मीटरची शर्यत २९ मिनिटे २७.४ सेकंदांत जिंकली गेली; त्या वेळचा जागतिक विक्रम २७ मिनिटे ३९.४ सेकंदांचा होता. जगातले अव्वल धावपटू जिथे इतके मंदावतात, तिथे आपला दहा किलोमीटरचा वेळ पाच-सात मिनिटांनी वाढला तर त्यात खंत वाटण्यासारखे काही नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी भरीव प्रमाणात वाढण्यास काही आठवडे लागतात, त्यामुळे नऊ दिवसांत तो लाभ पदरात पडेल अशी अपेक्षा ठेवू नये. पहिले दोन दिवस केवळ चालावे. तिसऱ्या दिवसापासून, सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्याच वेगाने धावावे. डोके दुखू लागले किंवा मळमळले, तर त्या दिवशी आणखी वर चढू नये.

धावण्याच्या पहिल्या दिवसासाठी रोझेग खोऱ्याइतकी चांगली वाट मला दुसरी ठाऊक नाही. पोंत्रेझिनाहून निघणारा हा खडीचा रुंद रस्ता सुमारे सात किलोमीटर अंतरात जेमतेम २०० मीटर चढतो. त्यावर खासगी मोटारींना मज्जाव असून घोडागाड्या मात्र चालतात. लार्चच्या जंगलातून ओढ्याच्या काठाने जाताना समोर हिमनद्या दिसू लागतात आणि खोऱ्याच्या शेवटी, साधारण २,००० मीटरवर, एक हॉटेल लागते. दुसरी सोपी वाट स्ताझच्या जंगलातून सेंट मॉरिट्झला जाते. तिला तिथल्या तळ्याची, साडेचार किलोमीटरच्या आसपासची, सपाट फेरी जोडता येते. सिल्वाप्लाना आणि सिल्स या तळ्यांच्या काठीही धावता येते, पण तिथे सकाळीच जावे. उन्हाळ्यातल्या निरभ्र दिवशी दुपारच्या सुमारास मालोया घाटाकडून जोराचा वारा सुटतो आणि त्याच्या तोंडावर धावणे म्हणजे चढ चढण्यासारखेच असते.

पाय आणि श्वास जुळले की फुनिक्युलरने, म्हणजे दोराने ओढल्या जाणाऱ्या डोंगरी रेल्वेने, मुओत्तास मुरालला, म्हणजे सुमारे २,४५० मीटरवर, जावे. तिथून आल्प लांगार्डपर्यंत डोंगराच्या कुशीतून जाणारी सुमारे सात किलोमीटरची वाट आहे. ती अरुंद आणि दगडगोट्यांची असली तरी फारशी चढत-उतरत नाही.

सर्वांत सुंदर वाट मात्र फुओर्क्ला सुर्लेची आहे. कोर्वाच रोपवेच्या मधल्या स्थानकावरून या २,७५५ मीटर उंचीच्या खिंडीत पोचता येते. समोर ४,००० मीटरच्या वर गेलेले पिझ बेर्निना उभे असते आणि वाट तिथून सरळ रोझेग खोऱ्यात उतरते. पहिल्या खेपेस मी तिथेच फसलो. चढ रोपवेने चुकवला आहे, आता फक्त खालीच जायचे आहे, या समाधानात मी ते साडेसातशे मीटर सलग धावत उतरलो. हॉटेल दृष्टीस पडले तेव्हा मांड्या अशा थरथरत होत्या की दगडावर बसून मला त्या दोन्ही हातांनी दाबून धराव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत मी जिना उतरलो. पुढचे तीन दिवस धावणे बंद राहिले.

यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत काम करतो, तर उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकसारखा शरीराचा भार रोखून धरतो. अशा कामाने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दुखणे एक-दोन दिवसांनी शिगेला पोचते. मिरामारच्या सपाट रस्त्यावर वर्षानुवर्षे धावूनही या कामाची सवय लागत नाही. दिलासा एवढाच, की उताराचा थोडासा सराव आधी झालेला असला तर पुढचे काही आठवडे स्नायूंना त्याच कामाचा त्रास बराच कमी होतो.

तुमच्या हाती अजून दहा आठवडे आहेत. पाऊस सुरू होईपर्यंत आठवड्यातून एकदा अल्तिनोची टेकडी किंवा बेतीहून पर्वरीकडे जाणारा चढ निवडावा, वर चालत जावे आणि खाली लहान, जलद पावलांनी, गुडघे किंचित वाकलेले ठेवून धावत यावे. सुरुवातीला चार फेऱ्या पुरेत, पुढे आठपर्यंत न्याव्यात. चोर्ला घाटाचा उतार सरावाला उत्तम असला तरी तिथली वाहनांची वर्दळ पाहता मी तो सुचवणार नाही. जूनमध्ये जांभ्या दगडावर शेवाळ धरले की बाहेरचे उतार सोडून द्यावेत आणि इमारतीच्या जिन्याकडे वळावे. दहा मजली इमारत साधारण तीस मीटर उंच धरली, तर फुओर्क्ला सुर्लेचा उतार म्हणजे असे पंचवीस जिने एकामागून एक उतरणे होय. हा हिशोब मनात ठेवला म्हणजे तयारी किती हवी याचा अंदाज येतो. इतके करूनही सुर्लेची वाट मुक्कामाच्या शेवटच्या दोन दिवसांतच ठेवावी आणि तीव्र उताराचे टप्पे चालत उतरावेत.

प्रश्न : मी आणि माझी एकोणीस वर्षांची मुलगी ऑगस्टमध्ये त्याच भागात जाणार आहोत. आम्हा दोघींना डोंगरवाटांचा अनुभव नाही. वाट चुकू नये आणि अडचणीत सापडू नये यासाठी काय लक्षात ठेवावे?
— एक वाचिका, साखळी

उत्तर : स्वित्झर्लंडमध्ये पायवाटांच्या खुणा इतक्या नेटक्या आहेत की त्या वाचायला शिकलात तर वाट सहसा चुकणार नाही. नुसता पिवळा फलक साध्या वाटेचा असतो. पांढरा-लाल-पांढरा पट्टा डोंगरवाटेचा, जिथे पाय जपून टाकावा लागतो. आणि पांढरा-निळा-पांढरा पट्टा दिसला तर तुम्ही दोघींनी तिथूनच मागे फिरावे, कारण त्या वाटेवर हिम, हिमनदी किंवा हात वापरून चढण्याचे कडे असू शकतात. फलकावर बहुधा अंतराऐवजी चालण्याचा वेळ लिहिलेला असतो आणि त्यात विश्रांती धरलेली नसते. रुंद, सपाट वाटेवर धावताना त्याच्या निम्मा वेळ धरावा, दगडी वाटेवर पाऊण धरावा. किलोमीटरवरून अंदाज बांधलात तर संध्याकाळी डोंगरातच अडकाल.

ऑगस्टमध्ये दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो, म्हणून सकाळी लवकर निघून दुपारपूर्वी खाली यावे. हजार मीटर चढले की तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे खाली ऊन असले तरी पाठपिशवीत वारारोधक जाकीट असू द्यावे.

गाईंविषयी मात्र जरा सविस्तर सांगायला हवे. रस्त्यात बसलेल्या गाईला हाताने बाजूला सारून पुढे जाण्याची आपल्याला सवय आहे. तिथल्या कुरणातली वासरू सोबत असलेली गाय तशी नसते. धावत येणारे माणूस तिला वासरावरचे संकट वाटू शकते. कुरणात शिरताच धावणे थांबवावे, कळपाला लांबून वळसा घालावा, गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही जाऊ नये आणि आपण उघडलेले फाटक आठवणीने लावून घ्यावे.

फोनमध्ये दोन क्रमांक साठवावेत : हवाई बचावसेवा रेगाचा १४१४ आणि युरोपभर चालणारा ११२. जिथे फोन लागत नाही तिथे शिट्टीने किंवा विजेरीने एका मिनिटात सहा वेळा इशारा द्यावा, एक मिनिट थांबावे आणि पुन्हा तसेच करावे. मिनिटाला तीन वेळा इशारा परत आला तर तो तुमच्यापर्यंत पोचल्याचे उत्तर असते. रोपवेने वर जाणार असाल तर शेवटची गाडी किती वाजता खाली येते, हे तिकीट घेतानाच विचारून ठेवावे.