गर्दीत पाठ भिजते, मग मुलाखतीआधी तळहातच का घामेजतात?

ग्रंथी त्याच, हुकूम वेगळा. मे महिन्यात ठाणे स्टेशनच्या पुलावर पाठ भिजते ती अंग थंड राहावं म्हणून. तळहात-तळपाय मात्र मुख्यतः मनावरच्या ताणाने पाझरतात. गंमत म्हणजे घर्मग्रंथींची दाटी तिथेच सर्वांत जास्त, चौरस सेंटिमीटरला काहीशे. पाठीवर १००च्या आत. पण पाठ मोठी, म्हणून शर्ट चिकटतो. (खाडीकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, हा आणखी वेगळा वैताग.) काखेत दुसऱ्या प्रकारच्याही ग्रंथी असतात, त्यांचा स्राव जिवाणूंनी फोडला की वास येतो.

स्पर्शाचंही तसंच. घरात कुणाला तरी डोळे मिटायला सांगून दोन टाचण्यांची डोकी एकदम टेकवून बघा. बोटाच्या टोकावर २-३ मिलिमीटर अंतरही कळतं, पाठीवर मात्र ३-४ सेंटिमीटर लांब असूनही एकच वाटतं. वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने १८३४ मध्येच हे मोजून छापलं होतं. बोटांच्या बिनकेसाच्या त्वचेत माइसनर नावाचे स्पर्शग्राहक खच्चून भरलेले असतात. केसाळ त्वचेवर ते काम केसांच्या मुळांना वेढलेले मज्जातंतू करतात, त्यामुळे मनगटावर डास उतरला तरी कळतं.