‘गिल्टी’ म्हणण्याआधी: अमेरिकेतल्या वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मुलगा टेक्सासमध्ये एफ-१ व्हिसावर शिकतो. दुकानातून दोनशे डॉलरचं सामान उचलताना पकडला गेला. वकील म्हणतात, ‘डिफर्ड ॲडज्युडिकेशन’ (कबुलीनंतर कोर्ट निकाल लांबणीवर टाकतं) घ्या, दोषी ठरल्याची नोंद होणार नाही. घ्यावं का?

उत्तर: थांबा. टेक्सासच्या कोर्टापुरतं ते खरं आहे, इमिग्रेशनपुरतं नाही. ‘गिल्टी’ (गुन्हा कबूल) किंवा ‘नो कॉन्टेस्ट’ (आरोपाला विरोध नाही) म्हटलं आणि न्यायाधीशांनी दंड, प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहणं) असं काहीही लावलं, की इमिग्रेशन कायदा माणसाला दोषी धरतो. डिफर्डमध्ये कबुली आधीच द्यावी लागते. त्यापेक्षा वकिलाला ‘प्रीट्रायल डायव्हर्जन’ (अटी पाळल्या की खटला न चालवताच मिटवणं) मागायला सांगा, तेही कबुलीजबाबावर सही न करता. चोरी ‘नैतिक अधःपतनाच्या’ गुन्ह्यांत मोडते, म्हणजे ज्यांमुळे व्हिसा किंवा प्रवेश नाकारला जाऊ शकतो अशांत. तरी १०० ते ७५० डॉलरच्या चोरीला तिथे जास्तीत जास्त १८० दिवसांची कैद आहे, त्यामुळे पहिल्या वेळी किरकोळ गुन्ह्याची सवलत मिळू शकते. दुसऱ्या वेळी नाही. पुढे डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज भरताना अटकेच्या प्रश्नाला ‘हो’च लिहायचं, खोटं उत्तर चोरीपेक्षा महागात पडतं.

प्रश्न: मी ग्रीन कार्डधारक, राहणार जॉर्जिया. चोरीच्या खटल्यात १२ महिने कैद, पण सगळी प्रोबेशनवर, अशी तडजोड पुढे आली आहे. तुरुंगात जायचंच नाही, मग भीती कसली?

उत्तर: भीती त्या ‘१२ महिने’ शब्दांची. चोरीला एक वर्ष किंवा अधिक कैद सुनावली, की इमिग्रेशन कायद्यात ती ‘ॲग्रॅव्हेटेड फेलनी’ (सर्वांत गंभीर गुन्ह्यांचा वर्ग) होते, राज्याच्या कायद्यात गुन्हा किरकोळ असला तरी. स्थगित शिक्षाही धरतात. मग कितीही वर्षं ग्रीन कार्ड असो, हद्दपारी थांबवायचा नेहमीचा अर्ज करता येत नाही. ३६४ दिवस लिहून घेतले तर हे कलम लागत नाही. एका दिवसाचा फरक! किंवा कैदेचा उल्लेखच नसलेलं निव्वळ प्रोबेशन मागा. आदेशाचा मसुदा सहीआधी इमिग्रेशन वकिलाला दाखवा. हद्दपारीचा धोका सांगणं हे फौजदारी वकिलाचं कर्तव्यच आहे, असं सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये ‘पडिला विरुद्ध केंटकी’ खटल्यात ठरवलंय. सल्ला लेखी घ्या.

प्रश्न: न्यू जर्सीत दारू पिऊन गाडी चालवताना अटक झाली. खटला उभा राहण्याआधीच माझा एच-१बी (नोकरीचा) व्हिसा रद्द झाल्याची ईमेल आली. नोकरी सोडायची का?

उत्तर: नाही. न्यू जर्सीत हा वाहतुकीचा गुन्हा असला तरी परराष्ट्र खात्याला अटक पुरते. व्हिसा म्हणजे आत यायचा परवाना. तुमचं वास्तव्य आय-९४ वर (प्रवेशाच्या वेळी मिळालेल्या मुक्कामाच्या नोंदीवर) चालतं आणि ते या ईमेलनं संपत नाही. मात्र देशाबाहेर गेलात तर नवा व्हिसा लागेल, दूतावासानं नेमलेल्या डॉक्टरांची तपासणी आणि कोर्टाची कागदपत्रंही. दिवाळीची तिकिटं काढण्याआधी हा हिशेब करा.

प्रश्न: ग्रीन कार्ड आहे. चोरीचा जुना गुन्हा कोर्टानं रेकॉर्डवरून पुसला. आईला भेटायला सांगलीला जाऊ का?

उत्तर: पुसलेली नोंद इमिग्रेशन सहसा धरतंच. मूळ निकाल कायदेशीर चुकीमुळे रद्द झाला असेल तरच फरक पडतो. जाताना कोणी अडवणार नाही. अडचण परत येताना, कारण असा गुन्हा असलेल्या ग्रीन कार्डधारकाला नव्यानं प्रवेश मागणारा समजतात. आधी कोर्टातून निकालाची प्रमाणित प्रत काढा आणि ती वकिलानं वाचल्यावरच तिकीट बुक करा.